मडक्याची खूण

हुमनाबादला आमच्यापैकी जे जातात ते बहुधा माणिकनगरला, माणिकप्रभूंच्या दर्शनासाठी. बिदर जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते आणि १९५६ पासून म्हैसूर, म्हणजेच आजच्या कर्नाटकात आहे. इथल्या बाजारात कन्नड, मराठी आणि दखनी कानावर पडतात.

दर्शन आटोपून त्या बाजारात फिरताना माझे लक्ष एका शब्दाने वेधले. 'जवारी'. जवारी टोमॅटो, जवारी कोथिंबीर, जवारी कोंबडी. जवारी म्हणजे तिथल्याच मातीतले, जुन्या वाणाचे. दोन पैसे जास्त पडले तरी माणसे तेच मागत होती. मला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आठवला. तिथे आपण 'गावठी' म्हणतो, एवढाच काय तो फरक! ना शिक्का, ना प्रमाणपत्र. विकणारणीचा शब्द, आपली जीभ आणि पुन्हा पुढच्या आठवड्यात तिथेच भेटायचे आहे ही जाणीव, एवढ्यावर हा व्यवहार चालतो.

हाच विश्वास छापील खुणेत उतरवता येईल का? जर्मनीने १९७८ साली 'ब्लू एंजल' हे पर्यावरणस्नेही मालाचे चिन्ह काढले. भारत सरकारने १९९१ साली 'इकोमार्क' आणले. त्याचे चिन्ह होते मातीचे मडके. मातीपासून घडणारे, थोड्या इंधनात भाजले जाणारे, फुटले तरी घातक कचरा न करणारे. निवड किती नेमकी! मराठीत मडके, कन्नडात मडिके. हुमनाबादच्या बाजारात ही खूण कुणाला वाचून दाखवावी लागली नसती.

पण ती तिथे पोहोचलीच नाही. साबण, कागद, रंग, बॅटरी अशा कितीतरी वस्तूंसाठी निकष ठरले. मात्र योजना ऐच्छिक होती. मालाने पर्यावरणाचे आणि दर्जाचे असे दोन्ही निकष पाळायचे होते. उत्पादकाला त्यात खर्च दिसला, फायदा दिसला नाही. फारच थोड्यांनी परवाना घेतला. जी खूण दुकानात दिसतच नाही, ती गिऱ्हाइकाने मागायची तरी कशी?

आता दुसऱ्या खुणा पाहा. १९३७ च्या कायद्याने आलेले 'ॲगमार्क' तूप-मसाल्यांवर लोकांनी पाहिले, कारण भेसळीची भीती घराघरांत होती. २००१ साली शाकाहारी पदार्थांवर हिरवा ठिपका सक्तीचा झाला. तो लगेच रुजला, कारण तो प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात होता. २००६ साली विजेच्या उपकरणांवर तारे आले आणि २०१० पासून एसी व फ्रॉस्ट-फ्री फ्रिजना ते बंधनकारक झाले. आज फ्रिज घेणारा आधी तारे मोजतो. पृथ्वीसाठी नव्हे, महिन्याच्या बिलासाठी! वीज वाचते ती वाचतेच.

म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनात आधीच असलेल्या प्रश्नाचे उत्तर जी खूण देते, तीच चालते. मडक्याने ज्याचे उत्तर दिले तो प्रश्न बाजारात अजून कुणी विचारलाच नव्हता.

माणूस फक्त स्वतःचाच फायदा पाहतो असे मात्र इतिहास सांगत नाही. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या दिवसांत लोकांनी महाग आणि जाडेभरडे कापड हौसेने अंगावर घातले. पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला तो एकेका पैशाच्या वर्गणीवर. तिथे 'हे कुठले?' हा प्रश्न व्याख्यानांनी आणि वर्तमानपत्रांनी आधी मनामनांत पेरला होता. शिक्का नंतर आला.

२०२४ साली सरकारने इकोमार्कचे नवे नियम काढले आणि १९९१ ची योजना मागे पडली. नियम सुधारले हे चांगलेच झाले. पण विचारायची सवय राजपत्रातून येत नाही. हुमनाबादच्या बाजारात ती आहे, म्हापशाच्या बाजारातही आहे. टोमॅटो घेताना आपण 'गावठी काय?' असे विचारतो. तोच प्रश्न साबणाची वडी घेताना का विचारत नाही?

विचारून तर पाहूया. दुकानदाराला उत्तर येणार नाही कदाचित. पण दहा जणांनी विचारले, तर अकराव्यासाठी तो शोधून ठेवील.