मुक्या पडद्यावरचं रडणारं कुत्रं

हुबळीजवळ तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या पत्र्याच्या शेडखाली उभे राहा आणि डोळे मिटा. मशिनांचा खडखडाट हळूहळू विरेल. डोळे उघडाल तेव्हा डोक्यावर पत्राच असेल, पण शंभर वर्षांपूर्वीचा.

तुम्ही हुबळीत आहात, पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत. हे न्यू डेक्कन सिनेमा. दुपारचं ऊन खाऊन तापलेला पत्रा अजून निवलेला नाही; घाम, विडीचा धूर आणि तापल्या मशिनचा वास एकमेकांत मिसळलाय. दारावर नुकतंच मिसरूड फुटलेला एक कोल्हापूरकडचा पोरगा उभा आहे. रेल्वेच्या कारखान्यातही त्यानं हात काळे केलेत. इथं पडेल ते काम करतो आणि तेच चित्र पुन्हापुन्हा बघतो. त्याचा चेहरा लक्षात ठेवा. नाव शांताराम वणकुद्रे.

आता चला 1925 मध्ये. दिवे मालवलेत, शेजारी पेटी-तबला सुरू आहे. पडद्यावर ‘सावकारी पाश’ लागलाय, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा. गोष्ट नारायण हरी आपट्यांची. ना राजा, ना राक्षस. कर्जात जमीन गमावलेला आणि गिरणीत मजुरीला लागलेला शेतकरी. नीट बघा, तो शेतकरी म्हणजे तुमचा दारावरचा पोरगाच. 1920 मध्ये तो कंपनीत शिरला आणि पाच वर्षांत या भूमिकेपर्यंत पोचला. पौराणिक पटांना सरावलेला तुमच्या शेजारचा माणूस जरा अस्वस्थ होतो. आपल्याच गावातलं दुखणं बघायला त्यानं तिकीट काढलेलं नाही.

एवढ्यात अंधारी झोपडी दिसते. उजेड जेमतेम. बाहेर एक कुत्रं मान वर करून रडतंय. चित्र मुकं आहे, तरी ते रडणं तुमच्या कानात घुमतं. हे दृश्य नीट साठवून घ्या. जे. बी. एच. वाडियांसारख्या चित्रपटकर्त्यालाही पुढं कित्येक वर्षांनी हीच झोपडी आणि हेच कुत्रं आठवत राहिलं.

साठवून घ्यायचं, कारण तुम्ही परत याल तेव्हा तो पट उरलेला नसेल. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ठिणगी लागली की भडकणारी, उष्म्यानं आणि दमटपणानं कुजणारी. शिवाय रिळांतल्या चांदीसाठी कित्येक पट वितळवले गेले. क्वचित कुठं नशीब आड आलं: कॅनडातल्या बर्फाळ युकॉनमधल्या डॉसन सिटी गावात जुनी रिळं पोहण्याचा तलाव बुजवायला टाकून दिली होती. 1978 मध्ये खोदताना पाचशेहून जास्त रिळं सापडली. गोठलेल्या जमिनीनं ती जपली होती. आपल्याकडे तशी जमीन नव्हती आणि रिळं जपायची कपाटंही वेळेवर झाली नाहीत. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं ते 1964 मध्ये. तोवर भारतातल्या तेराशेहून अधिक मूकपटांतले बहुतेक गेलेच होते. पेंटरांनी 1936 मध्ये हीच कथा बोलपटात पुन्हा आणली, पण तो वेगळा पट.

आता पुन्हा डोळे मिटा आणि उघडा. वर तारिहाळचा पत्रा आहे. घरी जाऊन माळा एकदा बघा. गंजलेल्या डब्यात जुनं रीळ सापडलं तर उन्हात उघडू नका, भंगारात देऊ नका आणि चालवून तर अजिबात बघू नका. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.