त्वचारोग, कॅमेरा आणि रुग्णाचा होकार

त्वचारोगांचे वैद्यक मुख्यतः डोळ्यांवर चालते. चट्ट्याचा रंग, कडा, उंचवटा यांवरून निदानाची दिशा ठरते. त्यामुळे या शाखेला चित्रांची गरज पहिल्यापासूनच होती. १८३९ साली छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि तीस वर्षांच्या आत कॅमेरा त्वचारोगांच्या रुग्णालयात पोहोचला.

१८६५ साली लंडनच्या बालमानो स्क्वायर यांनी त्वचारोगांची रंगविलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली. १८६८ साली पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयातील आर्दी आणि त्यांचे सहकारी मोंमेजा यांचा छायाचित्रसंग्रह निघाला. 'रंगविलेली' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला संवेदनशील, पण तांबड्याला जवळजवळ आंधळ्या होत्या. लाल पुरळ चित्रात काळपट उमटे. मग प्रत्येक प्रतीवर हाताने रंग भरावा लागे. रंग आणि उंचवटा दोन्ही दाखविण्यासाठी याच रुग्णालयात बारेता नावाचा कारागीर रुग्णाच्या अंगावरून साचे घेऊन मेणाच्या प्रतिकृती घडवी. तेथील संग्रहालयात अशा साडेचार हजारांहून अधिक प्रतिकृती आहेत.

या सर्वांत रुग्ण कोठे होता? काचेवर प्रतिमा उमटण्यास काही सेकंद लागत. तेवढा वेळ रुग्णाने निश्चल बसणे भाग होते. म्हणजे त्याच्या सहकार्यावाचून चित्र निघतच नव्हते. मात्र सहकार्य म्हणजे संमती नव्हे. सार्वजनिक रुग्णालयात येणारे बहुतेक लोक गरीब. उपचार हवा तर डॉक्टरांचे ऐकायचे, एवढेच त्यांना ठाऊक. चेहरे पुस्तकांत छापले गेले, त्या चेहऱ्यांचे म्हणणे मात्र छापले गेले नाही.

पुढे काचा आणि फिल्म वेगवान झाल्या. आता तर खिशातल्या मोबाइलने क्षणात चित्र निघते. रुग्णाने स्थिर बसण्याची गरज उरली नाही, म्हणूनच त्याला विचारण्याची गरज वाढली. डोळ्यांवर काळी पट्टी छापली की काम भागते, अशी समजूत बराच काळ होती. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९९५ साली, एवढ्याने ओळख लपत नाही, असे स्पष्ट केले. आपल्याकडे २००२ सालच्या वैद्यकीय आचारनियमांनुसार, ओळख पटेल असे रुग्णाचे छायाचित्र त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही.

अलीकडे अनेक देशांत रुग्णांनाच याविषयी विचारण्यात आले. उपचारासाठी छायाचित्र काढू देण्यास बहुतेकांची हरकत नसते. डाग वाढला की घटला हे त्यावरून कळते, हे त्यांना पटते. पण चेहरा दिसणारे चित्र म्हटले की ते कचरतात. डॉक्टरांच्या खाजगी मोबाइलपेक्षा रुग्णालयाच्या कॅमेऱ्यावर त्यांचा विश्वास अधिक असतो. ही शंका अनाठायी नाही. आपल्याकडे कोड किंवा कुष्ठरोग ओळखीच्यांना कळला, तर लग्न आणि नोकरी दोन्ही अडतात.

दुसरी बाजूही आम्हांला तितकीच महत्त्वाची वाटते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील चित्रे दीर्घकाळ मुख्यतः गोऱ्या त्वचेची होती. गोऱ्या अंगावर लाल दिसणारा चट्टा सावळ्या अंगावर जांभळट किंवा तपकिरी दिसू शकतो आणि निदान हुकू शकते. आपल्या रुग्णांची छायाचित्रे शास्त्राला हवीतच. ती विश्वासाने मिळाली पाहिजेत.

शाळेतल्या आरोग्य-तपासणीच्या वेळी कोणी मुलाच्या अंगावरील डागाचे छायाचित्र घेऊ लागला, तर शिक्षकांनी तीन प्रश्न जरूर विचारावेत: चित्र कशासाठी, कोण पाहणार, आणि मुलाला व पालकांना विचारले का?