किंगपिन ते बॉल जॉइंट: गाडीखालच्या खटखटीचा इतिहास

आजचा भाग एका आवाजाबद्दल आहे. गाडी स्पीड ब्रेकरवरून उतरते आणि पुढच्या चाकापाशी ‘खट’ होतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. बहुतेक जण काय करतात? गाण्याचा आवाज वाढवतात. तो आवाज बऱ्याचदा बॉल जॉइंटचा असतो, आणि त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, पण हा विषय सुटत नाही.

आधी प्रश्न समजून घेऊ. पुढच्या चाकाला दोन कामं एकाच वेळी करायची असतात: खड्ड्याबरोबर वर-खाली व्हायचं आणि स्टिअरिंगबरोबर डावीकडे-उजवीकडे वळायचं. जुन्या गाड्यांत ही कामं वेगवेगळ्या पिनांवर वाटलेली होती. वळण्यासाठी एक जाड उभी पिन, तिचं नाव किंगपिन. ती बुशमध्ये फिरायची आणि तिला ग्रीस लागायचंच.

आपल्या आजोबांच्या पिढीतली फियाट आठवा. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली सुरू झाली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायची, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. तिच्या पुढच्या चाकांना किंगपिन होती. म्हणून ठरावीक किलोमीटर झाले की गाडी गॅरेजला न्यायची, मिस्त्री ग्रीसगन घेऊन खाली शिरायचा आणि एकेका निपलमध्ये ग्रीस भरायचा. हे ग्रीसिंगचं काम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरीकडे, १९२२ साली जर्मनीत फ्रिट्झ फाउडी यांनी आधुनिक बॉल जॉइंटचं पेटंट घेतलं होतं. कल्पना साधी. आपला खांदा किंवा खुबा कसा असतो? वाटीत गोळा. तो सगळ्या दिशांना फिरतो. चाकाच्या नकलला असा सांधा दिला तर वळणं आणि वर-खाली होणं दोन्ही एकाच जागी जमतं. अमेरिकेत १९५२ च्या लिंकन गाडीत पुढच्या सस्पेन्शनला बॉल जॉइंट आले. त्याच सुमारास अर्ल मॅकफर्सन यांच्या डिझाइनचा स्ट्रट ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर गाड्यांत आला. त्यात वर शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र, खाली एक आर्म आणि एक बॉल जॉइंट. स्वस्त, हलकं, कमी जागेत बसणारं.

हेच डिझाइन आपल्या गल्लीत आणलं मारुती ८०० नं. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. मग १९९८ च्या शेवटी पुण्याची टाटा इंडिका आली, तिच्याही पुढे मॅकफर्सन स्ट्रट. आज तुमच्या घरी छोटी हॅचबॅक असेल तर तिच्या खालीही हाच सांधा आहे, जवळपास नक्की.

आता मुद्द्याचं. आजचा बॉल जॉइंट सीलबंद येतो. आत कारखान्यातच ग्रीस भरलेलं, वरून रबरी बूट. निपल नाही, म्हणून ग्रीसिंगही नाही. सोय झाली, पण ग्रीसिंगच्या निमित्तानं एक माणूस दर काही महिन्यांनी गाडीखाली जाऊन प्रत्येक सांधा हातानं चाचपायचा, ते बंद झालं. मेंटेनन्स गेला, त्याच्यासोबत तपासणीही गेली.

यवतमाळमध्ये हे महागात पडतं. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वरचा रस्ता तिच्यासोबत हलतो आणि डांबर फाटतं. वणीकडे तर कोळशाचे ट्रक. खड्ड्यांच्या दणक्यांनी सांधा झिजतो. बूट एकदा फाटला की चिखल, पाणी, धूळ आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि गोळा वाटीत खेळायला लागतो. शेवटी गोळा वाटीतून निसटला की चाक आडवं पडतं आणि गाडी बसते. गल्लीत झालं तर टोइंगवर भागेल. पांढरकवड्याजवळ ४४ नंबरच्या महामार्गावर ८० च्या वेगात झालं तर काय, ते सांगायला नको.

मग ओळखायचं कसं? मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत बॉडीखाली जॅक लावून चाक लोंबकळू द्यायचं. स्टँड लावायचाच, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवायचं. खेळ जाणवला तर? हे मला आमच्याकडच्या एका मिस्त्रीकाकांनी शिकवलं: “भाऊ, कोणाले तरी ब्रेक दाबून धराले सांग. खेळ गेला तं बेअरिंग, राह्यला तं जॉइंट.” मग खात्रीसाठी आर्म आणि नकलच्या मध्ये पहार घालून हलकेच उचलायचं. खेळ ९ आणि ३ वर असेल तर आधी टाय रॉड एंड बघा. आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल, तर जॅक त्या आर्मखाली लावायचा. नाहीतर स्प्रिंगच्या दाबानं सांधा घट्ट राहतो आणि झीज लपते.

बदलणं म्हणजे जुना सांधा पुलरनं नकलपासून सुटा करणं आणि नवा बसवणं. काही गाड्यांत तो आर्मला रिवेट किंवा बोल्टनं लावलेला असतो, काहींत आर्मसकट बदलावा लागतो. नट कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कला आवळायचा, अंदाजानं नाही. शेवटी व्हील अलाइनमेंट, नाहीतर नवे टायर एका कडेनं खाल्ले जातात.

पद्मिनीचा काळ काही परत यायला नको. ती ग्रीसगन, ती कटकट कोणाला हवी? पण गाडीखाली नजर टाकायची ती सवय मात्र परत आणायला हवी. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली की मिस्त्रीला एवढंच म्हणा, “दादा, बॉल जॉइंटचे बूट दाखवा.” दोन मिनिटांचं काम आहे. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा.

तुमच्या गाडीतून असा आवाज येत असेल, तर आज गाणं बंद करून ऐका. भेटू पुढच्या भागात!