गायिकेची नाटक मंडळी आणि नाट्येतिहासाची नोंदवही

मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासलेखनात स्त्रीचा प्रश्न बहुधा ‘रंगमंचावर स्त्री केव्हा आली’ एवढ्याच रूपात मांडला जातो. मंडळीची मालकी कोणाची आणि प्रयोग बुडाला तर कर्ज कोणाच्या शिरावर, हे प्रश्न त्यामुळे बाजूला पडतात. हिराबाई बडोदेकर (१९०५–१९८९) यांचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा तपासण्याजोगे आहे.

गायिकेने नाट्यसंस्था चालविणे ही केवळ मराठी घटना नव्हे. १७५६ साली लंडनच्या किंग्ज थिएटरात रेजिना मिंगोत्ती या गायिकेने व्हायोलिनवादक जार्दिनी यांच्यासह इटालियन ऑपेराचा कारभार हाती घेतला आणि त्यात तोटा सोसला. पुढे कोलोंबा मात्तेई या गायिकेनेही तो सांभाळला. मात्र तेथे हक्काची वास्तू होती, उमराव वर्गणीदार होते. मराठी मंडळीला गावोगावच्या भाड्याच्या नाट्यगृहांवर आणि रोजच्या तिकीटविक्रीवर जगावे लागे.

अशा परिस्थितीत १९२९ साली हिराबाईंनी नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा उभी केली. आई ताराबाई माने, बंधू सुरेशबाबू, बहीण कमलाबाई असे घरच तिच्यामागे होते. बेळगावकर स्त्री नाटक मंडळीसारख्या आधीच्या संस्थांत पुरुषपात्रेही स्त्रियाच रंगवीत. येथे स्त्रीपुरुष एकत्र उभे राहिले. ‘सौभद्रा’तील सुभद्रा स्त्रीच्याच गळ्यातून ऐकू येऊ लागली, आणि तीही बालगंधर्वांची सुभद्रा प्रेक्षकांच्या कानांत ताजी असताना. या धाडसाची दखल इतिहासकारांनी घेतली आहे. त्यामागच्या व्यवहाराची मात्र फारशी नाही.

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचे अर्थकारण ढासळत गेले. हिराबाईंची मंडळीही कर्जात बुडून बंद पडली. ते कर्ज त्यांनी मैफलींच्या उत्पन्नातून फेडले. म्हणजे ज्या गळ्यावर मंडळी उभी होती, तोच गळा तिच्या पश्चात तारण ठरला.

येथे चरित्रपर लेखनाची भाषा पाहण्यासारखी आहे. गंधर्व नाटक मंडळीचे कर्ज सांगताना भरजरी शालू, अत्तरे, उधळेपणाचे राजवैभव यांची आख्यायिका होते. हिराबाईंचे कर्ज मात्र सोशिकपणा आणि सात्त्विकता या गुणांच्या पुराव्यादाखल येते. एकाचे दिवाळे कलेच्या इतिहासात जमा होते, दुसरीचे शीलाच्या. घराबाहेर गाणाऱ्या स्त्रीची प्रतिष्ठा जपण्याची त्या काळची निकड ध्यानात घेतली, तर या भाषेचे कारण समजते. पण त्या भाषेत पगारपत्रक, नाट्यगृहाचे भाडे, नटांशी केलेले करार यांना जागा उरत नाही, आणि मंडळीची मालकीण आदर्श कन्येच्या नि भगिनीच्या प्रतिमेआड दिसेनाशी होते.