बुलढाण्याची गदा, कोल्हापूरची माती

२०१८ च्या डिसेंबरात जालन्याला महाराष्ट्र केसरीची फायनल झाली. पुण्याचा अभिजित कटके म्हणजे आदल्या वर्षीचा विजेता, आणि समोर बुलढाण्याचा बाला रफिक शेख. बालाने ११-३ अशी सरळसरळ कुस्ती मारली. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळे, बुलढाण्याला गदा!

आता गंमत बघा. बाला मूळचा सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याचा, गाव खडकी. कुस्ती शिकला कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीत, हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली. नंतर सराव पुण्यात. मग यात बुलढाणा आला कुठून? तर या स्पर्धेत जिल्ह्यांचे आणि शहरांचे संघ उतरतात आणि बाला बुलढाण्याकडून खेळला. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये. पगार एका कंपनीचा, खुर्ची क्लायंटच्या ऑफिसात आणि घर तिसऱ्याच गावी!

पण थट्टा बाजूला ठेवू. 'कोल्हापूरचे पैलवान' म्हणून आपण ज्यांची नावं घेतो, त्यांतले कितीजण कोल्हापुरात जन्मले? १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे एकसंब्याचे, म्हणजे आजच्या कर्नाटकातले. आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. कोल्हापूरने यांना जन्म दिला नाही. तालीम दिली, वस्ताद दिला आणि मुख्य म्हणजे कुस्ती बघायला येणारं पब्लिक दिलं. शाहू महाराजांनी रोमचं जुनं मैदान पाहिलं आणि १९१२ मध्ये खासबाग उभं केलं. तिथे पंजाबचे मल्ल येऊन लढत.

१९४९ ला संस्थान विलीन झालं आणि राजाश्रय संपला. खुराक मात्र तेवढाच लागतो हो! दूध, तूप, बदाम, शिवाय मटण. उरल्या त्या गावोगावच्या जत्रा आणि इनामाच्या कुस्त्या. खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक आणलेला हा माणूस पुढे १९५५ मध्ये पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागला. माझ्या मते आपल्याकडच्या कुस्तीचं अख्खं अर्थशास्त्र या दोन वाक्यांत आलं.

जत्रेतली कुस्ती मातीवर, निकाल चितपटीवर. मॅटवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि गुणांचा हिशोब. मातीत वाढलेल्याला हे बदलणं सोपं नाही. आंदळकर दोन्हीकडे चालले. १९६० ला हिंदकेसरी, १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये ग्रीको-रोमनला सोनं आणि फ्रीस्टाईलला चांदी, १९६४ ला टोकियो ऑलिंपिक. त्यानंतर ते न्यू मोतीबागेत वस्ताद म्हणून बसले ते अनेक दशकं. करमाळ्याचं पोर कोल्हापूरला का जातं, याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं. नुसतं मैदान बांधून हे होत नाही, तिथे शिकवणारा माणूस बसावा लागतो.

आंदळकर गेले १६ सप्टेंबर २०१८ ला. त्यांच्या पठ्ठ्याने बुलढाण्याच्या नावावर गदा उचलली २३ डिसेंबरला. मध्ये जेमतेम तीन महिने.