फडक्यावरचा लाल रंग

जुन्या स्पोर्ट्स कारला पॉलिश करणारा कारागीर पहिल्यांदा फडक्याकडे बघतो, गाडीकडे नंतर. गाडी लाल असेल आणि फडके लाल होत असेल, तर त्याचा हात आपोआप हलका होतो. आजच्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक लेप असतो. पूर्वीच्या लॅकर रंगावर तो नसे. ऊन आणि हवा यांनी वरचा थर मरतो, त्याची खडूसारखी भुकटी होते, रबिंग कंपाउंड ती खरवडून काढते आणि खालचा ताजा थर उघडा पडतो. गाडी चमकते, पण त्या चमकेची किंमत रंगातूनच वजा झालेली असते.

या लेखाचा विषय ही वजाबाकी आहे. तिचा गोंदिया जिल्ह्याशी असलेला संबंध ‘लॅकर’ या शब्दातच दडलेला आहे. संस्कृत ‘लाक्षा’, प्राकृतातून आलेली ‘लाख’, मग अरबी आणि पोर्तुगीज वळणे घेत युरोपात पोहोचलेला हा शब्द. महाभारतातले लाक्षागृह ज्या पदार्थाचे, तोच हा पदार्थ. पळस, बोर आणि कुसुंब या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा रस शोषत बसतो आणि स्वतःभोवती राळेचे कवच करतो. ते कवच म्हणजे लाख.

गोंदियाच्या नावाची एक प्रचलित व्युत्पत्ती अशी की, आसपासच्या जंगलातले गोंड लोक गोंद म्हणजे डिंक आणि लाख इथे विकायला आणत, त्यावरून गावाला हे नाव पडले. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, व्यापार खरा होता. 1880 च्या दशकात नागपूर–छत्तीसगड रेल्वे या बाजूने गेली आणि पुढे ती बंगाल–नागपूर रेल्वेत सामील झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग गोंदियाला येऊन मिळाला. बालाघाट आणि भंडाऱ्याच्या रानातला माल इथे उतरू लागला, आणि लाखेची मोठी निर्यातपेठ असलेले कलकत्ता रुळांनी जोडले गेले. गोंदियात लाखेचे कारखाने उभे राहिले ते या बळावर.

लाखेचे काम पाहिले की फडक्यावरचा लाल रंग पुन्हा आठवतो. काड्यांवरून खरवडलेली लाख कुटून पाण्यात धुतात, तेव्हा पाणी गडद लाल होते. एकेकाळी हा रंगच मौल्यवान होता आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात तो विलायतेला जाई. 1856 मध्ये विल्यम पर्किनने पहिला कृत्रिम रंग शोधला. त्यापाठोपाठ असे अनेक रंग आले आणि लाखेचे लाल पाणी गटारात जाऊ लागले. उरली ती राळ. धुतलेली दाणा लाख कापडी पिशवीत भरून आगीसमोर तापवत, पिशवी पिळून वितळलेली लाख बाहेर काढत, आणि कारागीर हात, पाय, प्रसंगी दातही वापरून तिचा गरम पातळ पडदा ताणत. थंड झाल्यावर मोडलेले त्याचे पापुद्रे म्हणजे चपडा. आपल्या आजोबांच्या शिसवी कपाटावरचे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला हाच चपडा. 78 फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकडीतही हाच होता.

चपड्याचा मोठा गुण असा की स्पिरिट लागले की तो पुन्हा विरघळतो. नवा हात जुन्या थरात मिसळतो. म्हणून जुने कपाट पन्नास वर्षांनीही सांधता येते.

मोटारीला मात्र ऊन-पाऊस सोसणारे काही हवे होते. सुरुवातीच्या मोटारींना बग्गीसारखे तेलाचे व्हार्निश देत आणि ते वाळायला आठवडे लागत. 1924 मॉडेलच्या ओकलँड मोटारीवर जनरल मोटर्सने ड्यूपाँ कंपनीचा ‘ड्यूको’ रंग वापरला. तो काही तासांत वाळे. कापसातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून तो बनत असे. त्यात लाखेचा कण नव्हता, तरी नाव ‘लॅकर’च. 1948 पासून तबकड्याही व्हिनाइलच्या होऊ लागल्या. पदार्थ हद्दपार झाला, शब्द तेवढा राहिला. गोंदियासारख्या गावांच्या लाखेला याची झळ लागणे अटळ होते.

1953 मध्ये याच कंपनीची कॉर्व्हेट आली. काचतंतू आणि राळ यांची, म्हणजे फायबरग्लासची बॉडी. पहिल्या वर्षी फक्त 300 गाड्या, सगळ्या पांढऱ्या. पुढे लाल, निळ्या, काळ्या आल्या आणि दीर्घकाळ त्यांच्यावर लॅकर राहिला. आपल्याकडेही फायबरग्लासच्या गाड्या झाल्या: सिपानीची छोटी डॉल्फिन आणि दोन आसनांची सॅन स्टॉर्म.

अशा जुन्या गाडीला पॉलिश करणे पत्र्याच्या गाडीपेक्षा जोखमीचे. पत्रा घर्षणाची उष्णता पसरवतो. फायबरग्लास पसरवत नाही, ती रंगातच साठते आणि बफ क्षणभर एका जागी थांबला तरी लॅकर जळतो. कडांवर रंग आधीच पातळ, म्हणून जाणता माणूस त्यांना चिकटपट्टी लावतो. सर्वांत अडचणीची गोष्ट वेगळीच आहे. रंगाची जाडी मोजणारे नेहमीचे यंत्र खाली धातू असेल तरच चालते. फायबरग्लासवर ते मुके होते. ध्वनिलहरींचे महाग यंत्र नसेल तर किती रंग शिल्लक आहे हे कळतच नाही. तिथे फडके हाच पुरावा. म्हणून कारागीर आधी बॉनेटचा वीतभर कोपरा हाताने, सर्वांत सौम्य पॉलिशने करून पाहतो, आणि पुरेशी चमक आली की थांबतो. उरलेले चरे तो मुद्दाम राहू देतो. ते काढायला लागणारा रंग परत येणार नसतो.

लाख काढणाऱ्यालाही नेमके हेच ठाऊक असावे लागते. सगळ्या फांद्या छाटल्या, किंवा भाव चढला म्हणून कच्चीच लाख उतरवली, तर पुढच्या हंगामाला बियाण्याची लाख उरत नाही. काही फांद्या किड्यांसकट राखून नव्या झाडांना बांधाव्या लागतात. फरक इतकाच की गाडीच्या रंगाला बियाणे नाही, लाखेला आहे.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत पळस आजही फुलतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांच्या यादीत लाखेचे नाव घेतले आणि ती गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला. 2013-14 पासून केंद्राच्या हमीभाव योजनेतही ती आली. पण ज्या घरात पुढच्या महिन्याची सोय नाही, त्या घराला बियाण्याची फांदी राखणे परवडत नाही. थांबण्याची ऐपत लागते. पॉलिशवाल्याला ती गाडीचा मालक देतो. पळसाखाली उभ्या असलेल्या माणसाला ती वेळेवर मिळालेला भावच देऊ शकतो. गोंदियाची लाख राखायची असेल, तर हिशेब त्या फांदीपासून सुरू करावा लागेल.