कमरेतली सुई आणि लहान मूल

1/ 28 जानेवारी 1848. इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर या 15 वर्षांच्या मुलीच्या पायाच्या बोटाचे नख काढायचे होते. क्लोरोफॉर्म हुंगवले गेले आणि काही मिनिटांतच ती गेली. क्लोरोफॉर्मच्या बळींत पहिली नोंद तिची. एका नखापायी!

2/ मरण श्वास थांबून येते की हृदय? हा वाद निजामाच्या पैशाने हैदराबादेत पोचला. (आजचा मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता.) 1888 व 1889 या दोन्ही आयोगांमागे असलेले एडवर्ड लॉरी ठाम होते : दोष श्वासाचा, हृदय निर्दोष. हा निर्वाळा टिकला नाही. क्लोरोफॉर्म हृदयाची लयच बिघडवते, हे लेव्ही यांनी 1911 मध्ये प्रयोगांती दाखवले.

3/ मग बेशुद्धच न करता शस्त्रक्रिया केली तर? ऑगस्ट 1898, जर्मनीतील कील. ऑगस्ट बीर यांनी कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात कोकेन सोडले. त्यांच्या पहिल्या सहा रुग्णांतच 11 वर्षांचे मूल होते.

4/ 1909 मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयातील टिरेल ग्रे यांनी मुलांवरील व तान्ह्यांवरील अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. औषध होते स्टोव्हेन.

5/ मूल म्हणजे छोटा प्रौढ नव्हे, हे इथे नेमके कळते. प्रौढाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्यापाशी संपतो, नवजाताचा साधारण तिसऱ्यापाशी. म्हणून सुई अधिक खाली टोचावी लागते. वजनाच्या मानाने तान्ह्याच्या अंगात हा द्रव प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट असतो. त्यामुळे औषध किलोमागे जास्त लागते, तरी असर लवकर ओसरतो. मात्र प्रौढाचा रक्तदाब या भुलेने जसा कोसळतो, तसा लहानग्यांचा सहसा कोसळत नाही.

6/ 1942 मध्ये माँट्रियलला क्युरारे शस्त्रक्रियागृहात आले, पूर्ण भूल सुकर झाली आणि मुलांच्या बाबतीत ही सुई मागे पडत गेली. त्याच दशकात कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित उतरले आणि 1949 मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले.

7/ अपुऱ्या दिवसांच्या बाळांनी ती परत आणली. हर्नियासाठी पूर्ण भूल दिल्यावर अशा बाळांचा श्वास नंतर अधूनमधून थांबे. 1984 मध्ये अमेरिकेतील व्हरमाँटच्या अबाजियन यांनी अशा तान्ह्यांना मणक्यातून भूल दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. बाळ जागे, तोंडात साखरपाण्यात बुडवलेली चोखणी आणि शल्यविशारदाच्या हाती जेमतेम तास-सव्वा तास.